जीप, मागची खोली आणि हबचा पाना

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, तेव्हा अक्षराचा दोष हाताला द्यावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणारे एकच होते, ते अकरा वर्षांपूर्वी गेले.

१. राहते घर माझ्या मुलाला. मात्र मागची खोली व अंगणाकडचे दार माझ्या नणंदेकडे, ती हयात असेपर्यंत. घर विकले तरी खोली रिकामी करून मागायची नाही. मुलगा म्हणेल, "आई, आत्या तर तुझ्याशी बोलतही नव्हती!" म्हणून कारण लिहून ठेवते.

यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा मी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत पुढचे डावे चाक जाम झाले. दुसरी गाडी मिळेपर्यंत सगळे संपले होते. त्याच आठवड्यात नणंद सर्वांसमोर म्हणाली, "वहिनी, चाक महिनाभर ओरडत होतं. तुला ऐकू येत नव्हतं?"

येत होते. मी रोज सांगायचे आणि हे "रविवारी बघतो" म्हणायचे. पण गेलेल्या माणसावर ढकलायला माझी जीभ रेटली नाही. पुढची नऊ वर्षे आम्ही एका छपराखाली मुक्या राहिलो.

२. जीप नणंदेला. त्या दिवसापासून ती अंगणात उभीच होती. दोन वर्षांपूर्वी मेकॅनिक बघायला आला आणि म्हणाला, "बाई, भंगारात द्या." मला राग आला. अंगणात जॅक लावला, चाक उतरवले, माहितीपुस्तक उघडून बसले. नट निघाला, पण हब, म्हणजे चाकामागचा लोखंडी तुंबा, हलेना. मागून आवाज आला, "एकटीनं ओढून कंबर मोडून घेशील. सरक तिकडे."

दोघींनी ओढला. हब सुटला आणि आम्ही दोघी मातीत आपटलो. बेअरिंगचे रोलर जळून निळे पडले होते, ग्रीसचा कोळसा झाला होता. नणंदेने ते हातात घेऊन नखाने कोळसा खरवडला.

"दादा त्या रविवारी हेच बदलणार होता," ती म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, आधी माझ्या खोलीचं छप्पर कर."

"माहीत आहे. शिडी मीच धरली होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून ते परत आले असते?"

ती रडली. मग रॉकेल आणायला उठली.

तीन दिवसांत आम्ही दोन्ही बाजूचे हब केले. बेअरिंगच्या जुन्या कड्या पितळी दांड्याने ठोकून काढल्या, नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस भरले. शेवटचा नट आवळताना एकीने चाक फिरवायचे, दुसरीने पाना धरायचा. पूर्ण आवळून मग किंचित सैल सोडायचा. किती, हे तिच्या हाताला माझ्यापेक्षा चांगले कळते.

३. हबचा मोठा पाना व जॅक सुनेला. मुलाला नाही. त्याने माझा आधीचा पाना मित्राला दिला, तो अजून यायचा आहे.

४. जळके बेअरिंग मेकॅनिकला. भंगार म्हणाला होता, तेवढे घ्यावे.

सहीपूर्वी वकिलांनी हे सर्वांना वाचून दाखवले. नणंदेने विचारले, "साक्षीदारांत मी का नाही?" वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही."

"मग मला खोली नको, जीप नको. सही करू द्या."

तिचे ऐकलेले नाही. वरील सर्व कलमे कायम.

सही : (लिहून देणार)
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर २. शेजारच्या शिक्षिका
स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६