छातीतली लव

तीर्थरूप बाबा,
लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवण अंगी लागतंय.

काल विद्यापीठात आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्वतःच्या नाकातून ब्रशनं काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. त्यांवरची लव वाऱ्यावरच्या गवतासारखी डोलत होती. नाकापासून छातीपर्यंत ती अशीच धूळ बाहेर लोटते म्हणे. माझा डोळा तिथून हलेचना. आपल्या आत हे सगळं न सांगता चालू असतं!

“सिगारेटच्या धुरानं ही थिजते,” बाई म्हणाल्या.

माझ्या खोलीतली मैत्रीण रोज ओढते. तिनं हळूच विचारलं, “मग संपलंच का?”

“नाही गं. सोडलीस की पुन्हा हलायला लागते.”

तिनं पाकीट तिथंच बाईंच्या हातात दिलं.

बाबा, सकाळचा खोकला कसा आहे? आईला विचारलं की ती विषय बदलते. तुमच्याही छातीत ती लव आहे, आणि तिला अजून जाग येऊ शकते.

तुमची लाडकी,
धाकटी