तिघांची परात

सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय दिपक,

फोन केला की तू 'नंतर बोलतो, अक्का' म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. म्हणून आज कागद घेतला. कागद तुला कट करता येत नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी दोन्ही वेळच्या भाकरी तीच थापते. परवा सवयीनं तिनं मोठी परात मांडली आणि नुसती बघत उभी राहिली. मी परात उचलून फळीवर टाकली आणि दोघींना ताटं घेतली.

लहानपणी आई कामाला जाताना त्याच परातीत कडक भाकरी कुस्करून वर आमटी ओतून जायची आणि दारातून बजावायची, "तिघांनी मिळून खावा, कुनी कुनाचं मोजायचं न्हाय." पुढं आपल्याला नोकऱ्या लागल्या, तू मोडनिंबच्या शाळेत मास्तर झालास, तुझं लग्न झालं, तरी तू घरी आलास की परात निघायचीच. तुझी संघमित्रा पहिल्यांदा ते बघून किती हसली होती! आणि आपली प्रतिक्षा, शेंडेफळ, नोकरीला लागली तरी तुझ्या पुढ्यातला घास पळवायची. वर म्हणायची, "दाद्याचं उष्टं लई गोड लागतंय की."

आपण तिघं शेवटचं परातीला बसलो त्या रविवारी तुझा घसा धरला होता. शाळेतल्या पोरांकडून दरवर्षी मिळतो तसा. तुला गिळवेना म्हणून तू अर्ध्यातून उठलास आणि तुझ्या बाजूचं सगळं तिनं निपटून खाल्लं. तुझं दुखणं मिठाच्या गुळण्यांवर गेलं. तिला ताप चढला, अंगावर लाली आली, रक्तदाब उतरत गेला, आणि पुढचा रविवार तिनं बघितला नाही. दिपक, मला अजून ती स्वयंपाकघरात आहे असं वाटतं आणि मी हाक मारायला तोंड उघडते.

ती अतिदक्षता विभागात होती तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या घशाचे नमुने मीच घेतले होते. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे आणि ओळखायचे हेच माझं काम. आजवर कितीतरी लोकांचे वाढवले, पण आपल्या बहिणीच्या रक्तातले वाढताना बघणं कुणाच्या नशिबी येऊ नये. ते नमुने आणि आपल्या सगळ्यांचं रक्त पुढच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं होतं. त्याचं उत्तर या आठवड्यात आलं. तुला मास्तरकीच्या भाषेत सांगते. घशाचा हा जंतू गावोगावी असतो, पण त्याचं विष सगळीकडे सारखं नसतं. जनुकात जरासा फरक पडला की विषाचा आकार बदलतो. आपल्या पेशींवर त्या विषाला धरणारी जी ठेवण असते, तीही आईबापाकडून येते आणि सख्ख्या भावंडांतसुद्धा वेगळी निघते. तुझ्या ठेवणीवर हे विष नीट बसतच नाही. प्रतिक्षाच्या ठेवणीवर ते घट्ट बसलं आणि तिच्या अंगातली सगळी फौज एकदम उठली. एका चोरासाठी साऱ्या गावानं आपलीच घरं पेटवावीत तसं झालं. ती विषानं जेवढी गेली, त्याहून जास्त त्या फौजेनं गेली.

आता संघमित्राचं. तिचा फोन आला होता, रडत होती. बाळ झाल्यापासून तू मंद्रूपला, तिच्या माहेरी, दोनदाच गेलास, तेही तोंडाला रुमाल बांधून, आणि दारातूनच लेकीला बघून परत फिरलास म्हणे. तिच्या आईला वाटतंय, मुलगी झाली म्हणून जावई नाराज आहे. मी त्यांना काय सांगू? मुलीचं अजून नाव ठेवलेलं नाही, आत्या इथं ताटकळून बसली आहे. आई तर म्हणाली, "त्याला म्हनावं, माजी लेक गेली ती गेली, आता तुजी बापाविना वाढवू नगं."

स्मशानातून येताना रिक्षात तू मला एकच विचारलंस, "अक्का, माझ्याकडनंच गेलं का?" मी रस्त्याकडे बघत राहिले. लोकांनी तुला 'छे, काहीतरीच' म्हणून समजावलं आणि त्यातलं काही तुला पटलं नाही, हे मला दिसतं. म्हणून हे पत्र. हो, दिपक. तुझ्याकडूनच गेलं. तुझ्या घशातला जंतू आणि तिच्या रक्तातला जंतू एकच निघाला, विषही तेच. तो तुला कुठल्याशा पोराकडून आला. त्या पोराला तू कधी दोष देशील का? आणि आणखी एक गोष्ट त्या कागदात आली आहे, आईलाही ती माहीत नाही. माझी ठेवण प्रतिक्षासारखीच आहे. त्या रविवारी तुझ्या दुसऱ्या अंगाला मीच जेवत होते, फक्त मला लागण झाली नाही. जंतू सापडल्यावर तुला गोळ्या दिल्या, त्यानंतरचा तुझा नमुनाही मी स्वतः तपासलाय, घसा स्वच्छ आहे. पुन्हा दुखलाच तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, एवढं पुरे. मंद्रूपला जा, रुमाल सोड आणि पोरीला उचलून घे. तुझी भीती बाळगायचीच झाली तर या घरात ती सगळ्यात आधी मी बाळगायला हवी. आणि मला तुझी भीती वाटत नाही रे.

तुझीच,
अक्का (धम्मप्रिया)