गव्हर्नरच्या गालातलं गळू

मूंटा,
ऑगस्टअखेर

ती. लव्हडे आत्या,

डेन्झिलचा नमस्कार. वाकूनच घालतो आहे, कारण हल्ली मान वर करायची सवयच सुटली आहे. तुझा गुडघा कसा आहे? आर्थरकाकांचा खोकला हिवाळ्याबरोबर निघाला की अजून मुक्कामाला आहे? इकडे बाबांची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की ते मला हाक मारतात तेव्हा शेजारच्या शेतातल्या मेंढ्या माना वळवतात.

मी कॉलेज सोडल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि ते योग्यच आहे. तरी फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच "म्हणजे नेमकं काय केलंस?" असं विचारशील आणि मला तिथल्या तिथे नेमकं सांगावं लागेल. पत्रात माणसाला हळूहळू नेमकं होता येतं. तेव्हा चहा ओतून घे आणि बस. (गुडघा लांब करून बस.)

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं ते भांडून, हे तुला माहीत आहे. कशावरून, हे बहुधा नसेल. शरीररचनेच्या सरांनी मी काढलेल्या घोड्याच्या चित्रावर "टेबल छान आहे" असा शेरा मारला. मी चित्र उचललं, सरांना दोन शब्द सुनावले (शब्द लिहीत नाही, तू प्रार्थनेला जातेस) आणि जनावरांच्या डॉक्टरकीला कायमचा रामराम ठोकून निघालो. त्या रागाची मजा गाडी घरच्या फाट्याला वळेपर्यंत टिकली. फाट्यावर बाबा उभे होते.

आता ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याकडे येतो. पेंगेलींच्या बेकरीत टॅम्सिन नावाची मुलगी आहे. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की उन्हाळाभर मी बटाटा-मटणाच्या इतक्या पास्ट्या विकत घेतल्या, की आमच्या कुत्र्याचं पोट जमिनीला टेकायला लागलं. तिच्यासमोर उभा राहिलो की मला "एक पास्टी" याच्या पुढे वाक्य सुचत नसे. शेवटी तीच एकदा म्हणाली, "तू कॉलेजात जनावरांचं शिकत होतास ना? मग आमच्या गव्हर्नरला भेटायला ये. माणसं कशी आहेत ते मी त्याच्यावरून ठरवते." मला वाटलं गव्हर्नर म्हणजे आजोबा असतील. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गव्हर्नर सोफ्यावर बसले होते. करडे होते, कान खांद्यापर्यंत लोंबत होते आणि ते ससा होते.

आत्या, आपल्या घराण्याचा आणि सशांचा संबंध तुला मी काय सांगावा! पिकं फस्त करणाऱ्या या जातीचे आजोबांपासून आपण हाडवैरी. बाबा तालुक्याच्या ससेनिर्मूलन मंडळाचे अध्यक्ष. ट्रॅक्टरने बिळं उपटण्यात त्यांचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. आपल्या घरात ससा आजवर आला तो फक्त ओव्हनमधल्या ‘पाय’मध्ये, सारण होऊन. आणि मी त्या घरचा मुलगा, तिच्या गालिच्यावर पालथा पडून एका सशाला "कसं काय, साहेब?" असं विचारत होतो. टॅम्सिन हसली. त्या हसण्यासाठी मी घुशींनासुद्धा साहेब म्हटलं असतं.

मला टॅम्सिनशी बोलता येत नव्हतं, म्हणून मी गव्हर्नरशी बोलू लागलो. आणि सशाशी बोलायची भाषा म्हणजे गाजर. दर भेटीला मी खिसे भरून गाजराचे काप नेत असे. गव्हर्नर माझी गाडी ओळखू लागले, फाटकाशी येऊन मागच्या पायांवर उभे राहू लागले. टॅम्सिन म्हणायची, "बघ, तुझ्यावर किती जीव आहे त्याचा. त्याने गवताकडे बघणंसुद्धा सोडलंय." हे वाक्य मी प्रशस्तिपत्रासारखं छातीशी धरून हिंडत होतो. (पुढे डॉक्टरीणबाईंनी तेच वाक्य आरोपपत्रासारखं वाचलं.)

जूनमध्ये हिवाळा लागला आणि गव्हर्नरच्या खालच्या जबड्याशी एक गाठ आली. टॅम्सिनने माझा हात धरून ती दाखवली. आता तू न्याय कर. मुलीने हात धरला आहे, डोळे भरून "काय असेल रे?" असं विचारते आहे, अशा वेळी "मला माहीत नाही" हे तीन शब्द जगातल्या कुठल्या तरुणाच्या तोंडातून निघाले आहेत? कॉलेजात ससे तिसऱ्या वर्षाला होते, आत्या. मी दुसऱ्यात सोडलं. पण मेंढ्यांच्या मानेवरची गळवं बाबांबरोबर मी लहानपणापासून फोडत आलो आहे. चीर द्यायची, दाबायचं, पू वाहू द्यायचा, औषध मारायचं आणि कुल्ल्यावर थाप मारून मेंढी सोडून द्यायची. मी म्हणालो, "साधं गळू आहे. दोन मिनिटांचं काम."

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते काम केलं. मेंढीच्या गळवातून पू वाहतो तसा तो सशाच्या गळवातून वाहत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो घट्ट लोण्यासारखा असतो. दाबला तरी हलत नाही. मी आणखी दाबलं. गव्हर्नर हलले नाहीत की ओरडले नाहीत, डोळे मोठे करून पडून राहिले. मी टॅम्सिनला म्हणालो, "किती शूर आहे बघ." (ससा भीतीने थिजला की असा निपचित पडतो. हेही तिसऱ्या वर्षाला असणार.) थोडासा ऐवज निघाला, मी वर मेंढ्यांचं जांभळं औषध फवारलं आणि हात धुऊन चहा प्यायलो. चहाबरोबर तिच्या आईने केक दिला. तो केक मला अजून पचलेला नाही.

आठवड्याच्या आत गाठ दुप्पट झाली, गव्हर्नरची लाळ गळू लागली आणि एका सकाळी त्यांनी गाजरसुद्धा नाकारलं. ससा खायचा थांबला की त्याचं आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की ससा थांबतो; त्याला वेळ लागत नाही. टॅम्सिन रडत होती. मी आमच्या कुत्र्याच्या पेनिसिलिनच्या गोळ्या घेऊन धावलो. गोळी कुटायला चमचा शोधत होतो, तेवढ्यात तिने गव्हर्नरला उचलून गाडीत घातलं होतं. तो चमचा सापडला नाही, यासाठी मी देवाचे आभार मानतो. एरवी आपल्याकडून देवाला कामं फार नसतात.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉ. नोस्के या पन्नाशीच्या, कोरड्या आवाजाच्या बाई आहेत. त्यांनी गव्हर्नरला बघितलं, क्ष-किरणाचं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "मूळ गळवात नाही, दातात आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर मुळं जबड्यात घुसतात आणि तिथे पू होतो. नुसतं चिरून हे जात नाही. कुठल्या शहाण्याने चिरलं?"

आत्या, माझा स्वभाव तुला माहीत आहे. लाज वाटली की मला राग येतो. मी म्हणालो, "शेतकऱ्यांना असं हिणवायची गरज नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जनावरं सांभाळतो. हा दवाखाना नव्हता तेव्हाही इथे गळवं फुटत होती!" आणि टेबलावर मूठ आपटली. मुठीत गोळ्यांची बाटली होती. बाईंनी ती घेतली, वाचली आणि शांतपणे विचारलं, "ही त्याच्या पोटात गेली?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग अजून आशा आहे. सशाला पेनिसिलिन टोचता येतं, गिळवता येत नाही. गिळवलं की पोटातले चांगले जंतू मरतात आणि पाठोपाठ ससा." टॅम्सिन माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं जंतांचं चित्र फार बारकाईने वाचायला घेतलं.

इथेच संपतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, नुसता दूर कुठेतरी निघून गेलो असतो. पण बाईंनी विचारलं, "खातो काय हा?" आणि मी मदत करायला गेलो. खिशातून गाजराचे काप काढून टेबलावर ठेवले. डॉ. नोस्केंनी एक काप उचलला, उलटासुलटा केला. या भागात त्यांची उभी हयात गेली आहे. तो बोटाएवढा, चारी बाजूंनी सारखा कापलेला तुकडा कुठल्या यंत्रातून निघतो, हे त्यांना न कळेल तरच नवल.

त्या म्हणाल्या, "हे तुमच्या नॅनकिव्हेलांच्या शेडमधलं ना?"

तुला ठाऊक आहे, रानातला ससा संशयी असतो. म्हणून बाबा आधी काही दिवस साधी गाजरं टाकतात. सशांचा विश्वास बसला, चव लागली, की मगच विषाची. मी साध्या गोणीतली गाजरं नेत होतो. देवाशपथ साध्या! आमच्याकडे गाजर म्हटलं की ते तिथूनच घ्यायचं, यात मला कधी काही वावगं वाटलंच नाही. पण बाईंनी विचारलं, "विषाची गाजरंही त्याच यंत्रातून काढता?" आणि मी ताबडतोब, अगदी हुशार विद्यार्थ्यासारखं उत्तर दिलं, "छे छे, विष नंतर ड्रममध्ये कालवतात!"

बाईंनी काप खाली ठेवला आणि हात धुतले. टॅम्सिन हळू आवाजात म्हणाली, "तू माझ्या सशाला सापळ्याचं खाणं घालत होतास? आणि तो तुला बघून नाचायचा!" ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ओरडण्याच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. पण ती नुसतं एवढंच बोलली आणि गव्हर्नरच्या टोपलीवर शाल ओढून घेतली, माझी नजर लागू नये अशी.

शस्त्रक्रिया झाली. बाईंनी सडका दात काढला, गळवाची पिशवी आख्खी सोलून काढली, हाड खरवडलं आणि जखम न शिवता उघडीच ठेवली, रोज आतून धुता यावी म्हणून. आता गव्हर्नरच्या जबड्याला बाहेरून खिडक्या-दारं आहेत. रोज मिठाच्या पाण्याने ते बीळ धुवायचं, इंजेक्शन टोचायचं, दळलेल्या गवताची पेज पिचकारीने तोंडात सोडायची. याला दोन माणसं लागतात. टॅम्सिनच्या आईला रक्त बघवत नाही. मी फाटकाशी टोपी हातात धरून उभा राहिलो. (गावाने बघितलं. हॉटेलात आता मला "डॉक्टर, माझ्या बुटातला ससा लंगडतोय" असं म्हणतात. पूर्वी मी मारामारी केली असती. हल्ली बूट बघतो असं म्हणतो.) बराच वेळाने टॅम्सिन बाहेर आली आणि म्हणाली, "फक्त धरायचं. बोलायचं नाही."

तर मी रोज धरतो. बाळ दुपट्यात गुंडाळावं तसे गव्हर्नर टॉवेलात गुंडाळून छातीशी घेतो, आणि ती जखम धुते. गव्हर्नरचं काळीज माझ्या तळहाताखाली शिवणयंत्रासारखं चालतं. माझ्यावर त्यांचा राग नाही, हेच मला सोसवत नाही. अजून ते माझ्या खिशाचा वास घेतात. परवा त्यांनी आपणहून गवताची एक काडी ओढली, टॅम्सिनने माझ्याकडे बघितलं आणि बघितलं हे लक्षात येताच दुसरीकडे बघितलं. बाईंचं म्हणणं, जगेलही. पण सशाच्या जबड्याचा भरवसा कुणी देऊ नये.

असो. काळजी करू नये. काकांना नमस्कार सांग.

तुझा न बोलण्याच्या लायकीचा भाचा,
डेन्झिल

ता. क. – एक विनंती आहे. हे सगळं पत्र खरं म्हणजे त्या विनंतीसाठीच लिहिलं. गव्हर्नरला यापुढे जन्मभर गवत हवं, चांगलं, लांब काडीचं. यंदा इकडे पाऊस नाही. ज्यांच्याकडे गवत होतं त्यांनी ते उत्तरेकडच्या मेंढीवाल्यांना विकून टाकलं. उरलं ते फक्त बाबांच्या शेडमध्ये. मी मागितलं. ते म्हणाले, "अध्यक्षाच्या शेडमधली काडी सशाच्या पोटात गेली तर मी मंडळाला काय तोंड दाखवू? मूर्खा, पोरगी आवडली होती तर तिला फुलं न्यायचीस!" आणि कुलूप घातलं. तुमच्या डोंगरात पाऊस झाला आहे. एखादी गोणी पाठवशील का?

दुसरा ता. क. – पाकीट बंद करायच्या आधी हे लिहितो. आज सकाळी धरलेलं असताना माझ्या अंगठ्याला दुसऱ्या बाजूच्या जबड्याखाली काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं. तिला दिसलं नव्हतं. कालच ती पहिल्यांदा माझ्याशी दोन वाक्यं बोलली होती (हवेबद्दल). मी गप्प राहिलो असतो तर आणखी एक दिवस बोलली असती. हा विचार माझ्या मनात आला, आत्या, आणि चांगला बराच वेळ राहिला. मग मी म्हणालो, "टॅम्सिन, इकडेही आहे. काय आहे ते मला माहीत नाही." ती खाली फरशीवरच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "गाडी तू काढ. मी त्याला घेते. आणि तिथे बाईंना तूच सांग, कुठे लागतंय ते." आता निघतो आहोत. वाटेत टपालपेटी आहे.

तिसरा ता. क. – गवत काहीही झालं तरी पाठव. गोणीवर नाव माझं घाल. बाबांनी विचारलं तर भाच्यासाठी पाठवलं म्हणून सांग. गाढवाला गवत पाठवलं तर कुणी संशय घेत नाही.