सव्वीस तारखेच्या आत

१ नोव्हें. ९८, रवि.
जयनगरच्या दुकानात गेलो, ओरिजिनल गेम घ्यायला. सीलबंद डबा, जाड पुस्तक, गेममध्ये आपल्या लेव्हल बनवायचं सॉफ्टवेअर आत. दुकानदार म्हणाला, "स्टुडंटला कमी करतो. कॉलेजचं कार्ड दाखवा." कार्ड कुठलं? दुसऱ्या वर्षीच सोडलं. तो नुसता विचारत होता, मीच भडकलो. डबा काउंटरवर आपटला नि निघालो.
तडक मार्केटच्या माडीवर, मणीअण्णाकडे. कॉपी केलेली सीडी, वर निळ्या शाईत नाव. "गेम तोच तम्मा, डबा नाही एवढंच." सगळ्या पोरांना तो तम्माच म्हणतो, धाकटा भाऊ.
लेव्हलचं सॉफ्टवेअरही आहे त्यात. मग काय वाईट?

५ नोव्हें., गुरु.
कामाच्या दुकानात दिवसभर कंप्युटर जोडले. उरलेल्या वेळात गेमची नवी लेव्हल बनवली. शैलाचं जे. पी. नगरचं घर, गेटपासून वरच्या खोलीपर्यंत. राक्षस सगळे काढून टाकले. गेट ढकललं की उघडतं. कुणी अडवत नाही.

८ नोव्हें., रवि.
शै.च्या कंप्युटरवर गेम घातला. ती चालत चालत वर गेली नि हसली. "आमचा पाण्याचा संप इकडं कुठं रे, जिन्याच्या पलीकडं आहे." एवढ्यासाठी आठवडा घातला, वसूल.
मग तिचे वडील आले. राव काका, आमच्या समाजाचे सेक्रेटरी. "ह्या मशीनमध्ये समाजाचं काम आहे. खेळायला ठेवलंय काय?" मी म्हटलं, काम शैला करते, तुम्ही नुसत्या सह्या करता. संपलं. "परत ह्या घरात पाय ठेवू नकोस."
निघताना तिच्या कंप्युटरची, बाहेरून जोडायची फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन आलो. कॉपी होत नव्हती, साफ करून देतो म्हटलं तिला.
काम म्हणजे समाजाची वधू-वर यादी. इथली, कोलारची, होसूरची घरं. आठ महिने टाइप करतेय. स्क्रीनवर क्र. ११४ दिसला. शैला स्वतः. बी.कॉम. अपेक्षा: पदवीधर, कायम नोकरी.
स्वतःच्या हातानं टाइप केलंय.

१९ नोव्हें., गुरु.
के. आर. पुरमचा एक गिऱ्हाईक मेलेला कंप्युटर घेऊन आला. मागच्या सव्वीसला बंद पडला तो पडलाच. ओनरनं उघडला. आत सीडी, वर निळी शाई. मणीअण्णाचं अक्षर.
ओनर म्हणाला, "व्हायरस आहे. एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जातो, गप्प बसतो. सव्वीसला मशीन लावलं की सगळं पुसतो. पुढं सुरूच होत नाही."
जेवणाच्या सुट्टीत माझी सीडी तपासली. आहे.
तीच शै.च्या मशीनमध्ये घातलीय.

२० नोव्हें., शुक्र.
मणीअण्णाच्या काउंटरवर हात आपटला. काच तडकली. तो शांत. "स्वल्प थांब. दुसरी सीडी घेऊन जा. एवढी भीती होती तर डबा घ्यायचास."
खरं आहे. म्हणून आणखी राग.

२२ नोव्हें., रवि.
बूथवरून तीनदा फोन. तिन्हीदा काकांनी उचलला. "हॅलो? यारू? कोण?" मी ठेवला.
तिच्याकडे यादीची दुसरी कॉपी नाही. काढणार कशी, ड्राइव्ह माझ्या टेबलावर आहे.
चौथ्यांदा नंबर फिरवताना एक विचार आला. लिहितो, म्हणजे लपवता येणार नाही. मी काहीच बोललो नाही तर यादी जाईल. यादीबरोबर ११४ जाईल. कुणी तिला विचारायला येणार नाही, निदान वर्षभर.
फोन केला नाही. व्हायरसपेक्षा माझीच भीती वाटली.

२४ नोव्हें., मंगळ.
बसस्टॉपवर शै. भेटली. "ड्राइव्ह उद्या दे रे. गुरुवारी अकराला प्रेसचा माणूस घरी येतोय, यादी न्यायला."
गुरुवार म्हणजे सव्वीस. सांगणारच होतो. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "तुझं नाव घालू काय यादीत? शिक्षण काय लिहू?"
मी म्हटलं, "काही लिहू नको."
"रागावतोस कशाला? विचारलं फक्त."
बस आली. मी "सरी", बरं, म्हटलं. एवढंच. सांगायचं ते राहिलं. राहिलं की ठेवलं, देव जाणे.

२५ नोव्हें., बुध.
संध्याकाळी ड्राइव्ह घेऊन गेलो. काका गेटवरच. "दे आणि जा."
"काका, उद्या कंप्युटर लावू नका."
"का? धमकी देतोस?"
कारण सांगितलं तर सीडी कुणाची, तेही आलं. ड्राइव्ह दिली.
पण ड्राइव्हच्या खोक्यात चिठ्ठी ठेवलीय. आधीच लिहून नेली होती, तोंडावर भरवसा नव्हता.
'शैला, व्हायरस माझ्या सीडीतून आलाय. आजच यादी फ्लॉपीवर घे. फक्त यादी, गेम नको. उद्या मशीन लावू नको. लावावंच लागलं तर आज बंद करायच्या आधी तारीख पुढची कर, सत्तावीस. मी लगेच बोललो नाही. का ते विचारलंस तर सांगेन.'
खाली आणखी दोन ओळी, यादीच्या नमुन्यात. नाव, गिरिधर. शिक्षण, दुसऱ्या वर्षी सोडलं.
आता वाटतं, खोकं शै.नं उघडलंच नाही तर? काकांनी तसंच कपाटात टाकलं तर? किंवा काकांनीच उघडलं तर?

२६ नोव्हें., गुरु. साडेदहा.
दुकानात गेलो नाही. तिच्या घरासमोर, झाडाच्या सावलीत उभा. वही तळहातावर.
प्रेसवाल्याची स्कूटर अजून आली नाही. वरच्या खोलीचा पंखा फिरतोय, म्हणजे करंट आहे. मशीन लावलंय की नाही, इथून कळत नाही.

अकराला पाच कमी.
शै. खिडकीत आली. मला पाहिलं. हसली नाही, मानही हलवली नाही. हातात कागद. यादीचा की माझा, कळलं नाही. आत गेली.

स्कूटर आली. प्रेसवाला आत गेला.

काका गेटवर आलेत. माझ्याकडेच बघताहेत.
"किती वेळ उभा राहणार? आत ये."
आवाजावरून काही समजत नाही. कडी त्यांनीच आतून काढली. गेट जड आहे, घासत उघडतंय. माझ्या लेव्हलमध्ये ते नुसतं ढकललं की उघडायचं.
वही खिशात घालतो.