वामनचं गेलेलं मत

पांढुर्णा, रविवार संध्याकाळ

बैठकीच्या चहात साखर नव्हती, हा अत्याचार आधी नोंदवतो. रक्त त्यानंतरचं.

संत्र्याच्या प्रतवारीची मानकं आमचा गट ठरवतो. लागोपाठ दोन बैठका चुकल्या की मत जातं. नदीपलीकडच्या सावरगावचा वामन गोटमारीत, म्हणजे आमच्या दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, डोकं फुटून दवाखान्यात होता; दोन बैठका चुकल्या. आज टाक्यांसकट आला, कारण लहान फळ बाद करायचा ठराव होता. त्याच्या बागेत दुसरं येतच नाही.

"वामनभाऊ, तुम्हाले मत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"दवाखान्यात मी मजा करून राहिलो होतो काय बे?" त्यानं खुर्ची भिरकावली. दोघांनी त्याला भिंतीवर आदळलं. टाके उसवले. तशातच मतदान! लाज कशी नाही वाटत?

मी व्यापारी, ठराव माझ्या फायद्याचा. पण गोटमारीत मी नदीत पडलो, तेव्हा पलीकडचा असून वामन माझ्यावर आडवा झाला होता. डोकं तेव्हाच फुटलं त्याचं.

मी विरोधात हात वर केला. ठराव एका मतानं पडला. वामनकडे पाहिलं नाही.