घुबडाची नळी

पप्पा, हे लिहायचं मी किती दिवस ढकलतोय. कागद मिळाला की पेन सापडत नाही, पेन सापडलं की पाय बाहेर पडतात. मागच्या आठवड्यात खरंच बसलो होतो, पण एक जण बाईकवरून चिंचोटीला निघाला होता, त्याच्या मागे बसून गेलो. धबधब्याला पाणीच नव्हतं, चहा पिऊन परत आलो. असो. विचारायचं होतं ते घुबडाच्या नळीचं.

काल आईचा टर्की पळाला, नाताळसाठी वाढवलेला मोठा नर. उमेळ्यातली आपली वाडी आता बिल्डिंगांच्या मधली केळींची एक पट्टी उरलीय, तरी त्यात एवढा पक्षी दिसेनासा झाला. आई म्हणाली, "तुझ्या पप्पांनी दोन फुंकांत काढला असता." तुम्ही दिवे लागायच्या वेळेला केळींत उभे राहायचात, बांबूच्या नळीच्या तोंडावर ओठ टेकवायचात आणि थेट घुबडासारखं हू... हू-हू. लपलेला नर लगेच तावातावाने ओरडून उत्तर द्यायचा, की सापडलाच. कुणाचाही टर्की हरवला की माणसं तुम्हालाच बोलवायला यायची. एकदा मी विचारलं, घुबडाला घाबरतो का तो? तुम्ही हसलात. "घाबरतोय कसला! दुसरा कोणी बोलला की त्याला गप्प राहवत नाही. तुझ्यासारखाच."

नववीत नापास होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हाची ती सकाळ. तुम्ही ओटीवर बसलाय, समोर केळीच्या घडांना दिलेले जुने टेकू. नळीचा बांबू तुम्ही त्यांतूनच निवडायचात. दोन पावसाळे घडाचा भार सोसलेला, आतून कोरडा झालेला. खालचं पेर बंद ठेवून कापायचा, फुंकायचा, कान देऊन ऐकायचा. पाच कापले तर चार बाजूला. मला कुठला धीर! मी वाडीत गेलो आणि सगळ्यांत सरळ दिसला तो टेकू उपसला. मागे कडकन आवाज झाला. अख्खी केळ घडासकट आडवी. तुम्ही मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "अरे, ती कशावर उभी होती ते तरी बघायचंस." मग माझ्या हातातला तोच बांबू घेतलात आणि त्याचीच नळी करून मला दिलीत.

ती नळी मी गोव्याच्या वाटेवर कुठेतरी हरवली. आईला सांगितलेलं नाही.

म्हणून आज सकाळपासून बसलोय. पडलेले टेकू गोळा केले, या वेळी उभ्या केळींना हात लावला नाही. पहिली नळी चिरली. दुसरी आखूड झाली, आवाज शिट्टीसारखा बारीक. तिसरीतून नुसती हवा. ओठ नळीला किती टेकवायचे, तेच आठवत नाही. तुमचा चेहरा आठवतो, गालाचा खड्डा आठवतो, पण ओठांवर नेहमी तुमचा हात आडवा येतो. फोनवर घुबडाचे आवाज लावून बघितले. खरे होते, पण तुमच्यासारखे नव्हते. पाचव्या नळीतून मात्र थोडं काहीतरी आलं. खोल, जरासं खरखरीत. लगेच परत फुंकलं.

एक खरं सांगतो. टर्की दुपारीच सापडला. आईने डब्यात तांदूळ खुळखुळवले, तसा टाकीमागून स्वतःच चालत आला. मी उगाच अजून फुंकतोय. आई खिडकीतून बघते. हे पत्र टाकणार तरी कुठे, तुमचा काही पत्ता थोडाच आहे.

थांबतो, फाटक वाजलं. काका आलेत, तुमचे धाकटे भाऊ. पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, पण तुम्हाला पुरून आल्यापासून या वाडीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. आईकडे न बघता केळींत डोकावून विचारतायत, "वहिनी, कोण वाजवत होतं?"