तिन्ही वेळा तोच आकडा

१४ सप्टेंबर, सकाळी साडेदहा

धाकटे,

आशीर्वाद. नव्या खोलीत पाणी वेळेवर येतं ना? इकडे आई बरी आहे. दुकानही बरं चाललंय. या आठवड्यात सात वजनकाटे दुरुस्तीला आले, त्यातले दोन दुसऱ्यांनी ‘दुरुस्त’ करून बिघडवलेले. असो.

लिहायचं कारण, आईचं साखर तपासायचं यंत्र कंपनीने परत मागवलंय. यंत्र घेऊन सात महिने झाल्यावर जाग आली! पत्रात लिहिलंय, ‘काही यंत्रांवर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो.’ दिसू शकतो म्हणे! काल आईला प्रयोगशाळेत नेलं. तिथेच बसून मोजलं तर यंत्रावर १९८, त्यांच्याकडे ११२. कंपनीला फोन लावला. एकवीस मिनिटं नुसतं संगीत, मग एक मुलगी म्हणते, “काका, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

म्हटलं, “बाई, गैरसोय बस चुकल्यावर होते!”

“नवीन यंत्र पाठवते ना. पत्ता सांगा.”

डोकंच फिरलं.

वहीत सगळं आहे. रोज सकाळी सातला तीनदा मोजायचो, तिन्ही वेळा जवळपास तोच आकडा. ती वही बघूनच डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आणि मी आईचं खाणं कमी केलं. तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. साखर वाढल्यामुळेच होतंय, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी तू तिला साखरपाणी पाजताना मला सापडलीस. मी काय काय बोललो ते लिहीत नाही, तुला पाठच असेल. तू एवढंच म्हणालीस, “दादा, एकदा दुसरीकडे तपासून बघ ना.” आणि मी म्हणालो, “मापं मला शिकवू नकोस. निघ इथून.”

चोवीस वर्षं, कुणी न शिकवता, हेच काम करतोय मी. दुरुस्त केलेला काटा प्रमाणित वजन ठेवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बिघडलेला काटा दर वेळी तेवढंच चुकीचं वजन दाखवतो, हे मला झोपेतही सांगता येईल. आणि घरात मात्र यंत्र त्याच यंत्राने तपासत बसलो.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते कालपासूनचं. तू गेल्यावर तीन आठवड्यांत ती दोनदा गळून पडली. तुला कळवलं नाही.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वाढत नव्हती, उतरत होती; आणि गोळी निम्मी केली. विचारलं, “त्या दुपारी साखर कुणी दिली?” बहिणीने, म्हणालो. त्या म्हणाल्या, “म्हणून निभावलं.”

फोनच करणार होतो, पण फोनवर मी पुन्हा कंपनीलाच शिव्या देत बसलो असतो. आईला सकाळी सगळं सांगितलं. यंत्राबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. “तिला कळवलंस?” एवढंच. मी हो म्हणालो. खोटं बोललो. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करून बसलीये.

तुझ्या खोलीत मी हत्यारं ठेवली होती, ती काढली. माफ कर किंवा नको करूस, पण ये.

यंत्राहून जास्त चुकलेला,
तुझा दादा